वर अकरा

आठशे रुपये भरायचे होते फक्त.
मला वाटलं भरतेश भरेल,
त्याला वाटलं असेल, मी.
मुदत संपली, वरचे तीस दिवस संपले,
आणि अण्णांच्या पेढीचं नाव,
मगदूमहळद, पुढे टिंब, पुढे कॉम,
लिलावात उभं राहिलं.

विश्रामबागेतल्या माझ्या स्वयंपाकघरात
कुकरची दुसरी शिट्टी झाली
तेव्हा बोली अडीच हजारांवर होती.

इथली रीत अशी, की आपण कुठवर जाणार
ते यंत्राच्या कानात एकदा सांगून ठेवायचं.
ते फोडत नाही कुणापाशी.
समोरचा वाढला की तेही वाढतं,
पाचशेच्या एकेक पायरीनं, आपल्या वतीनं,
जुन्या दिवाणजीसारखं.
आपण खुशाल कणीक मळावी.
आपला शेवट ते झाकून ठेवतं
हरिपूरच्या पेवातल्या हळदीसारखा.
वर नुसती माती,
आत किती, ते तोंड उकरल्याशिवाय
शेजाऱ्यालाही कळू नये.

मी सांगितलं, पन्नास हजार.

समोर नाव नाही.
एक अक्षर, चार फुल्या, शेवटी सात.
मार्केट यार्डात निदान रुमाल होता.
अण्णा रुमालाखाली हात घालायचे,
व्यापाऱ्याची बोटं धरायचे,
आणि रात्री जेवताना सांगायचे,
"आज त्याचा तळवा ओला होता गं,
अजून पन्नास चढला असता."
इथे कुणाचा घाम कुणाला लागत नाही.

तिसरा एक होता. नऊ हजारांवर गळाला.
मग आम्ही दोघंच.

शेवटचं मिनिट आलं, म्हटलं आता सुटलो,
तेवढ्यात त्यानं बोली टाकली
आणि घड्याळ मागे फिरून पाचावर बसलं.
इथे शेवटचा घाव घालून पळता येत नाही.
जो बोलेल त्यानं दुसऱ्याला
उत्तराला पाच मिनिटं द्यायची.
(पेढीची वाटणी झाली त्या दुपारी
हा नियम आमच्याकडे नव्हता.)

पडद्यावर आकडा आला:
एक्केचाळीस हजार पाचशे अकरा.
वर माझीच बोली.
मी पुन्हा वाचला.
यंत्र पाचशेनं चढतं, अकरानं नाही.
म्हणजे माझ्या बोलीखाली
समोरच्याचा तळ उघडा पडला होता.
एक्केचाळीस हजार अकरा.

गोल आकडा कुणीही लावतो, अण्णा म्हणायचे,
वर अकरा ठेव. ते अकरा आपले.
उन्हाळ्याच्या सुट्टीत पेढीच्या गादीवर
आम्हा दोघांना एकाच रुमालाखाली
हात घालायला लावून शिकवलं होतं.
माझी दोन बोटं म्हणजे किती, ते भरतेश
नेहमी चुकीचं सांगायचा, मुद्दाम,
मी हसावं म्हणून.

आणि मी गोल पन्नास लावून बसले होते.

पाच वर्षं आम्ही बोललो नाही.
आज तासभर बोलत होतो, आकड्यांत,
एकमेकांचा भाव चढवत,
आठशेच्या गोष्टीसाठी,
आणि पैसे जाणार होते
हळदीचा वासही माहीत नसलेल्या
कुठल्यातरी कंपनीला.
लावलेली बोली मागे घेता येत नाही.
तेही नियमातच आहे, बारीक अक्षरात.

एक मिनिट चाळीस.
एक मिनिट बारा.
मनात म्हटलं, नको रे, आता थांब.
मग म्हटलं, थांबू नकोस.

चव्वेचाळीस हजार पाचशे अकरा.
घड्याळ पुन्हा पाचावर.

भरतेशनं मला अजून पाच मिनिटं दिली होती.
कुकर कधीच निवला होता.
फोन कट्ट्यावर होता, पिठाच्या डब्याला टेकून,
नंबर पाठ होता,
फक्त आधी हात धुवायला हवे होते.